भीड भिकेची बहीण

लहानपणी आमच्या घरी एक म्हण वरचेवर कानावर पडे : भीड भिकेची बहीण. उसनी दिलेली वस्तू परत मागावयास कोणी संकोच करू लागला, किंवा वाण्याने चुकीचा हिशेब दिला असूनही तो तपासून घेण्यास लाजला, की आजी ही म्हण त्याच्या अंगावर टाकी आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. म्हणीचा अर्थ मला तेव्हाही समजत असे. पटत मात्र नसे. भीड हा चांगल्या घरातील माणसाचा गुण आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी मे महिन्यातील एका रविवारी त्या समजुतीची किंमत मोजावी लागली. खरे सांगावयाचे तर ती मला नव्हे, दुसऱ्याच एका बाईंना मोजावी लागली; आणि म्हणूनच ही हकीकत, तीत मला भूषणावह असे काही नसतानाही, मी आपल्यापुढे मांडीत आहे.

मी इंदूरला राहतो. नोकरीची पंधरा वर्षे नागपुरास गेली. नातलग बडोद्यापासून हैदराबादेपर्यंत विखुरलेले आहेत. आपल्यापैकी पुष्कळांचे असेच असेल. अशा कुटुंबांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम पूर्वी पोस्टकार्ड करीत असे. आता ते व्हॉट्सॲप करते. नातलगांचा एक गट, नागपूरच्या जुन्या वसाहतीतील शेजाऱ्यांचा एक, निवृत्त सहकाऱ्यांचा एक, असे माझे चार-पाच गट आहेत. सकाळचा चहा आणि या गटांतील सुप्रभात यांची मला आता सवयच जडली आहे.

त्या रविवारी नऊच्या सुमारास चहाचा पेला हाती असतानाच एका जुन्या सहकाऱ्याच्या नावाने निरोप आला : “साहेब, माझा एक सहा आकडी क्रमांक चुकून आपल्या फोनवर गेला आहे. कृपया तेवढा पाठवा. तातडीचे काम अडले आहे.” आणि खरोखरच त्याच वेळी एसएमएसने एक सहा आकडी क्रमांक माझ्याकडे आला. हा क्रमांक कोणासही सांगू नये, असे त्याखाली लिहिले होते. ते वाक्य मी वाचले नाही, असे म्हणण्याची सोय मला नाही. मी ते वाचले, आणि तरीही क्रमांक पाठवून दिला.

आपण विचाराल, का पाठविला? त्या दिवसापासून मीही हा प्रश्न स्वतःस अनेकदा विचारला आहे. कोणी परका मागता, तर मी खात्रीने दिला नसता. पण हा माणूस माझ्याबरोबर अकरा वर्षे एका खोलीत बसलेला. त्याला “का हवा?” असे विचारणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे मला वाटले. एका शब्दाचा संकोच मी केला. मजजवळ बुद्धी नव्हती असे नाही. भिडेने तिला बोलू दिले नाही.

आता तो क्रमांक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. कोणीही आपल्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून त्यात माझा मोबाइल क्रमांक घालू शकतो. मग तो क्रमांक खरोखर त्याचाच आहे किंवा नाही, याची खात्री करून घेण्यासाठी एक सहा आकडी संकेत पाठविला जातो. आणि तो येतो माझ्या सिमकार्डावर. हा संकेत जो सांगेल तो त्या खात्याचा मालक, असा हा साधा व्यवहार आहे. एका वेळी एकाच मुख्य फोनवर खाते राहू शकत असल्यामुळे, संकेत हाती पडताच चोर आत जातो आणि खरा मालक आपोआप बाहेर पडतो. माझ्या सहकाऱ्याचे खाते त्याच सकाळी याच रीतीने गेलेले होते. माझ्याशी बोलत होता तो चोर. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तसे एका चोरलेल्या नावाने दुसरे नाव चोरावयाचे, अशी ही साखळी असते.

दोन मिनिटांत माझ्या पडद्यावर सूचना आली, की हा क्रमांक आता या फोनवर नोंदलेला नाही. मला प्रथम यंत्राचाच दोष वाटला. मी फोन बंद करून चालू केला. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. मग हळूहळू उमज पडू लागली. परंतु वाचकहो, या हकीकतीतील माझा सर्वांत मोठा अपराध येथून पुढे घडला. घरात मुलगा होता, सून होती. त्यांना हाक मारावयास पाच पावले चालावी लागली असती. ती मी चाललो नाही. महिनाभरापूर्वीच ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत, ओटीपी कोणास देऊ नये, या विषयावर मी चार शब्द बोललो होतो. त्याच तोंडाने आता काय सांगावयाचे? आपले आपणच निस्तरू, कोणास कळण्याचे कारण नाही, अशा विचाराने मी फोनशी झटापट करीत बसलो. त्यात पावणेदोन तास गेले.

पावणेअकराच्या सुमारास बडोद्याहून आत्याचा फोन आला. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. तिने नमस्कार-चमत्कार न करता एकदम विचारले, “अरे, तू मला ‘हॅलो’ कधीपासून म्हणू लागलास?”

माझ्या नावाने तिला निरोप गेला होता. इंग्रजी लिपीत, मोडक्यातोडक्या हिंदीत : हॅलो, तातडीची गरज आहे, माझे यूपीआय चालत नाही, पंचवीस हजार पाठवा, सायंकाळी परत करतो. खाली पैसे पाठविण्यासाठी एक क्रमांक. आता मी आत्याला व्हॉट्सॲपवरही जुन्या पत्राच्या वळणाने लिहितो : “तीर्थस्वरूप आत्यास शि. सा. न.” मुले यावरून माझी थट्टा करतात. पण त्या दिवशी आत्याला जी ओळख पटली नाही, ती या मायन्यामुळेच. “आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केल्याशिवाय तू कधी पुढचे वाक्य लिहिले आहेस का?” असेही तिने वर ऐकविले.

चोराला आमची बोलण्याची तऱ्हा का ठाऊक नव्हती, हे नंतर मुलाने समजावून दिले. व्हॉट्सॲपवरील जुनी संभाषणे ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहतात. दुसऱ्याने नुसता संकेत मिळवून खाते ताब्यात घेतले, तरी पूर्वीचे लेखन त्याच्या हाती लागत नाही. परंतु आपण ज्या गटांत आहोत ते गट त्याला दिसतात, आणि गटांतील माणसेही दिसतात. म्हणजे चोराजवळ माझे नाव होते, माझ्या माणसांची यादी होती. माझी भाषा तेवढी नव्हती. त्याने सर्वांना एकच मजकूर पाठविला. ज्यांना माझी भाषा परिचित होती, ती माणसे वाचली. ज्यांना माझे केवळ नाव पुरेसे होते, त्यांच्यावर संकट आले.

अशी एकच व्यक्ती निघाली. नागपूरला आमच्या शेजारी एक कुटुंब राहत असे. त्या गृहस्थांच्या निधनानंतर वहिनींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद मी करून दिले होते. फार मोठे काम नव्हते. तीन-चार अर्ज आणि कचेरीतील सहा-सात खेपा, एवढेच. पण वहिनींनी ते उपकार म्हणून मनात जपून ठेवले होते. आत्याचा फोन येताच मी मुलाला हाक मारली आणि आम्ही दोघे दोन फोनांवरून एकेकास कळवू लागलो. वहिनींचा क्रमांक लागेपर्यंत सव्वाअकरा झाले. मी काही बोलण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, “भाऊजी, पोचले ना पैसे? दहा वाजून वीस मिनिटांनी पाठविले. काळजी करू नका, सायंकाळची घाई नाही.”

मी खरी गोष्ट सांगितली. पलीकडे काही वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलेत. त्याला कारण कसे विचारणार?”

ते पैसे पावसाळ्यापूर्वी छताची डागडुजी करण्यासाठी त्यांनी बाजूला काढून ठेवलेले होते.

दहा वाजून वीस मिनिटे! त्या घटकेस मी खोलीचे दार लोटून फोन बंद-चालू करीत बसलो होतो. साडेनऊस जरी मी हाक मारली असती, तरी हे पैसे गेले नसते. चोराने खाते नेले, हा त्याचा अपराध. पण पुढचा तास मी स्वतः त्याला दिला. ही गोष्ट मी मनाशी कितीही फिरवून पाहिली, तरी तिचा दुसरा अर्थ निघत नाही.

यापुढे जे केले त्यात मात्र विलंब झाला नाही, आणि आपल्या उपयोगाचे तेच असल्यामुळे ते जरा सविस्तर सांगतो. मुलाने वहिनींना ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावयास सांगितले. आर्थिक सायबर फसवणुकीची खबर देण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली ही व्यवस्था सुरू केली. आरंभी तिचा क्रमांक वेगळा होता, पुढे १९३० झाला. माझ्या पिढीच्या वाचकांनी दांडीयात्रेचे साल म्हणून तो ध्यानात ठेवावा. येथे खबर पोचली की पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेस कळविले जाते, आणि ते तेथून पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेस. ज्या खात्यात जेवढी रक्कम सापडेल तेवढी तेथेच अडकविली जाते. म्हणूनच येथे मिनिटांना महत्त्व आहे. चोर पैसे एका खात्यात ठेवीत नाही. एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवितो आणि शेवटी रोख काढून घेतो. फोन करताना व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी असावा. ज्याचे पैसे गेले त्याने स्वतः खबर द्यावी हे उत्तम. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर लेखी तक्रारही पुरी करावी. माझ्या नावाचा गैरवापर झाला, म्हणून मी माझ्यातर्फे वेगळी तक्रार नोंदविली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ (सी) आणि ६६ (डी) यांखाली दुसऱ्याची ओळख चोरणे आणि तिच्या आधारे ठकविणे हे गुन्हे आहेत, आणि दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पंचवीस हजारांपैकी नऊ हजार दुसऱ्या खात्यात सापडले आणि अडकविले गेले. न्यायालयाच्या आदेशानंतर काही महिन्यांनी ते वहिनींना मिळाले. सोळा हजार कोणीतरी अगोदरच काढून नेले होते. आपण स्वतः पिन घालून पैसे पाठविले असल्यामुळे त्याची जबाबदारी आम्हांवर येत नाही, असे त्यांच्या बँकेने कळविले.

आता माझ्या खात्याचे. ते परत मिळविण्याचा मार्ग चोराच्या मार्गासारखाच आहे : आपल्या फोनवर आपला क्रमांक घालावा, एसएमएसने आलेला संकेत भरावा, की चोर बाहेर पडतो. परंतु संकेत वारंवार मागविले गेले असले तर काही तास थांबावे लागते. तसे मला थांबावे लागले. सायंकाळी संकेत आला, तो मी भरला. तेव्हा आणखी एक सहा आकडी पिन विचारण्यात आला. तो चोराने लावून ठेवलेला होता! तो ठाऊक नसेल तर सात दिवस वाट पाहावी लागते. एवढेच समाधान, की एसएमएसचा संकेत आपण भरला त्याच क्षणी चोराचा प्रवेश बंद होतो. सात दिवस खाते ना त्याचे, ना माझे.

या पिनास द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. ही सोय २०१७ पासून सर्वांना उपलब्ध आहे. तो आकडा आपण स्वतः ठरवावयाचा, आणि तो एसएमएसने येत नाही. मी तो आधी लावला असता, तर माझा संकेत हाती पडूनही चोर दारातच अडकला असता. माझ्या घराचे कुलूप माझ्याच घरात पडून होते. ते मी कधी लावले नाही. चोराने मात्र आत शिरताच प्रथम तेच लावले.

त्या सात दिवसांत मी एक काम केले. जुनी डायरी काढली आणि माझ्या नावाने ज्यांना निरोप गेला असण्याचा संभव होता, त्या प्रत्येकास फोन केला. एकूण त्रेसष्ट फोन झाले. पहिल्या काही फोनांच्या वेळी जीभ अडखळत होती. “माझ्या मूर्खपणामुळे” हे शब्द उच्चारणे या वयात सोपे नसते. पण सात-आठ फोनांनंतर ते जमू लागले. मग असे झाले, की ऐकणारेही आपापल्या कहाण्या सांगू लागले. एकाच्या भावाला कोणी विजेच्या थकलेल्या बिलाच्या नावाखाली फसविले होते. एका निवृत्त प्राध्यापकांचे दोन लाख गेले होते आणि ते त्यांनी पत्नीशिवाय कोणासही सांगितले नव्हते. सर्वांत शेवटी मी त्या जुन्या सहकाऱ्यास फोन केला. आपले खाते गेल्याचे त्याला सकाळी आठ वाजताच कळले होते. तोही गप्प बसला होता, आणि कारण तेच. तुमच्यासारख्या लोकांना काय तोंड दाखवू, असे त्याला वाटले. मला त्याच्यावर रागावता आले असते. परंतु त्याचा एक तास आणि माझे पावणेदोन तास एकाच मापाचे होते.

चोराची सारी विद्या मला येथे दिसली. फोनच्या यंत्रात शिरण्याचे कौशल्य त्याला फारसे लागतच नाही. चांगली माणसे ओळखीच्याला कारण विचारीत नाहीत, आणि फसल्यावर कोणास सांगत नाहीत, एवढे दोन ठोकताळे त्याला पुरतात. पूर्वीही माणसे ठकविली जात. पण पत्राला हस्ताक्षर असे, आणि तारेला हस्ताक्षर नसले तरी ती घेऊन येणारा गावचा ओळखीचा असे. आता निरोपाबरोबर केवळ नाव आणि छायाचित्र येते, आणि ही दोन्ही उसनी मिळतात. जो पुरावा पूर्वी कागदच देत असे, तो आता आपण विचारून घेतला पाहिजे.

म्हणून आमच्या घरी आता काही नियम झाले आहेत. सर्वांच्या फोनांत द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावलेला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सून सर्वांच्या फोनांतील “जोडलेली उपकरणे” ही यादी उघडून पाहते, कारण खाते न हिरावताही चोर दुसऱ्या उपकरणावर त्याची जोडणी करून गुपचूप बसू शकतो. आपल्या फोनवर आलेला कोणताही संकेत दुसऱ्याचा असूच शकत नाही, हे नातवालाही पाठ आहे. आणि पैशाचा निरोप कोणाचाही असो, प्रत्यक्ष आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही जाणार नाही. आवाजाचेही सोंग आता यंत्राकडून करविता येते. म्हणून आपणच उलट फोन करावयाचा, आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर. चूक झालीच, तर ती प्रथम घरात आणि लगेच सांगावयाची. त्याबद्दल कोणी कोणास बोलावयाचे नाही. हा शेवटचा नियम पाळण्यास सर्वांत कठीण आहे आणि सर्वांत मोलाचाही तोच आहे.

वहिनींच्या सोळा हजारांचा धनादेश मी पाठविला, तो त्यांनी परत केला. पुन्हा पाठविला, पुन्हा परत आला. अखेर जूनमध्ये मी नागपुरास गेलो. म्हटले, “वहिनी, भिडेने आपले एवढे नुकसान केले, आता तरी तिला बाजूला बसवू.” बराच वाद झाला. पाठविताना विचारले नाही ही आपली चूक, असे त्यांचे म्हणणे. सांगावयास उशीर केला ही माझी, असे माझे. शेवटी आठ हजार त्यांनी घेतले आणि आठ हजारांचा भार स्वतःकडे ठेवला. हा हिशेब न्याय्य झाला की नाही, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. छताचे काम मात्र पहिल्या पावसापूर्वी पुरे झाले.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाची पत्रिका मी सर्वांना व्हॉट्सॲपवर पाठविली. हल्ली लग्नपत्रिकेच्या नावाखालीही घातक फाइली पाठविल्या जातात. दहा मिनिटांत वहिनींचा फोन आला. “भाऊजी, रागावू नका हं. पत्रिका तुम्हीच पाठविली आहे ना?”

“मीच,” मी म्हणालो, “आणि लग्नाला यावयाचे आहे.”

“मग उघडते,” त्या म्हणाल्या. आजी असती, तर तिला पुन्हा ती म्हण उच्चारावी लागली नसती.